चेतक

वर्ध्याहून सेवाग्रामला जाणारा रस्ता आता पक्का डांबरी आहे. दिवसभर त्यावरून सायकली, मोटारी व एस.टी.च्या गाड्या धावत असतात. 1936 च्या एप्रिल महिन्यात महात्मा गांधी तेथे राहावयास गेले, तेव्हा मात्र ही वाट निराळी होती. गावाचे नावही त्या वेळी शेगाव असेच होते. सेवाग्राम हे नाव त्याला 1940 साली मिळाले. काळ्या मातीचा मुलूख तो. पाऊस पडला की गाडीची चाके चिखलात रुतून बसत. गांधीजी बहुधा पायीच चालत. पण आश्रमात येणाऱ्याजाणाऱ्या मंडळींची, त्यांतही आजारी व वृद्ध माणसांची, काही सोय हवी होती. ही सोय मोठ्या गमतीदार रीतीने झाली. एका जुन्या फोर्ड मोटारीला बैल जुंपण्यात आले! इंग्रजीत बैलाला ‘ऑक्स’ म्हणतात. तेव्हा बैल अधिक फोर्ड मिळून या वाहनाचे नाव पडले ‘ऑक्सफोर्ड’. विलायतेतील जगप्रसिद्ध विद्यापीठाचे नाव वर्ध्याच्या धुळीत असे बैलांच्या पायांनी चालू लागले.

ही व्यवस्था करणारे गृहस्थ म्हणजे शेठ जमनालाल बजाज. राजस्थानातील सीकरजवळच्या एका खेड्यात 1889 साली त्यांचा जन्म झाला. वर्ध्याचे व्यापारी शेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतले आणि तेव्हापासून ते वर्ध्याचेच झाले. सरकारने दिलेली ‘रायबहादूर’ ही पदवी त्यांनी 1921 साली सोडून दिली. 1923 च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. 1928 साली वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले केले. गांधीजी त्यांना आपला पाचवा पुत्र मानीत. 11 फेब्रुवारी 1942 रोजी वर्ध्यातच त्यांचे निधन झाले. पुढे ज्या वाहनामुळे ‘बजाज’ हे नाव घरोघरी पोचले, ते वाहन त्यांनी पाहिले नाही.

त्या वाहनाचा जन्म फार दूर, इटली देशात झाला. दुसऱ्या महायुद्धात पोन्तेदेरा या गावातील पियाजिओ यांचा विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाला होता. युद्ध संपले, विमानांची मागणी संपली, कामगारांच्या हातांना काम उरले नाही. रस्ते फुटलेले, लोक गरीब, आणि कामावर जाण्यास वाहन नाही. तेव्हा एनरिको पियाजिओ यांनी सामान्य माणसाला परवडेल असे एक स्वस्त दुचाकी वाहन बनविण्याचे ठरविले. हे काम त्यांनी कोर्रादीनो दास्कानिओ नावाच्या अभियंत्याकडे सोपविले.

दास्कानिओ हा हेलिकॉप्टर बनविणारा माणूस. मोटारसायकल हे वाहन त्याला मुळीच आवडत नसे, आणि हाच गुण येथे उपयोगी पडला. मोटारसायकलची जी जी गैरसोय त्याच्या डोळ्यांत सलत होती, ती ती त्याने काढून टाकली. साखळीमुळे कपडे तेलकट होतात. त्याने साखळीच ठेवली नाही, इंजिन मागच्या चाकाला लागूनच बसविले. टाकीवरून पाय टाकून बसावे लागते. त्याने मधली जागा मोकळी सोडली. चिखल अंगावर उडतो. त्याने पुढे पत्र्याची रुंद ढाल लावली. पायाने गिअर बदलताना बूट खराब होतो. त्याने गिअर डाव्या हाताच्या मुठीत आणला. चाक बदलणे जिकिरीचे जाते. त्याने पुढचे चाक विमानाच्या चाकाप्रमाणे एकाच बाजूने धरले, म्हणजे दुसऱ्या बाजूने ते सहज काढता यावे. निराळा सांगाडाही त्याला नव्हता. दाबून आकार दिलेला पोलादी पत्रा हाच सांगाडा आणि हेच अंग. 1946 च्या एप्रिलमध्ये हे वाहन जगापुढे आले. रुंद पाठ, बारीक कंबर आणि गुणगुणता आवाज पाहून पियाजिओ यांना गांधीलमाशीची आठवण झाली, असे सांगतात. इटालियन भाषेत गांधीलमाशीला ‘व्हेस्पा’ म्हणतात. तेच या स्कूटरचे नाव ठरले.

इकडे भारतात 29 नोव्हेंबर 1945 रोजी बजाज कुटुंबाने एक कंपनी स्थापन केली होती. वर्ध्याच्या बच्छराजांच्या नावावरून तिचे नाव ‘बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ असे ठेवले होते. 1948 पासून ही कंपनी दुचाकी व तिचाकी वाहने परदेशातून आणून विकू लागली. जमनालालजींचे थोरले पुत्र कमलनयन हे त्या काळी उद्योगाची धुरा वाहत होते. 1957 पासून सलग तीन निवडणुकांत वर्ध्याने त्यांना लोकसभेवर पाठविले. 1959 साली कंपनीस देशातच वाहने बनविण्याचा परवाना मिळाला, पियाजिओशी करार झाला, आणि पुण्याजवळ आकुर्डी येथे कारखाना उभा राहिला. तेथील व्हेस्पा 1960 नंतरच्या काळात भारतीय रस्त्यांवर दिसू लागली.

1971 साली पियाजिओशी असलेला करार संपला. आता ‘व्हेस्पा’ हे नाव वापरता येणार नव्हते. कारागीर आपले, कारखाना आपला, परंतु नाव परक्याचे, अशी ही स्थिती होती. 1972 साली स्कूटर नव्या नावाने बाहेर पडली. ते नाव होते ‘चेतक’. हळदीघाटच्या लढाईत जखमी पायाने ओढा ओलांडून आपल्या धन्यास, महाराणा प्रतापांस, सुरक्षित ठिकाणी नेणारा घोडा तो चेतक. गांधीलमाशीचा घोडा झाला तो असा! नाव इतके चपखल बसले की, पुढील पिढीस या स्कूटरचे मूळ इटलीत आहे हे सांगूनही खरे वाटेना.

चेतकचे इंजिन सुमारे 145 घनसेंटिमीटरचे, दोन धावांचे होते. चार धावांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. दोन धावांच्या इंजिनात प्रत्येक फेरीला होतो. त्यात झडपा नसतात, हलणारे भाग थोडे असतात. म्हणूनच हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या गावांतील मिस्त्रीदेखील झाडाखाली चार पाने व एक हातोडी घेऊन तिचे इंजिन उघडीत आणि पुन्हा बसवीत. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे. पंपावरचा माणूस मापाने तेल ओती. मागून निळसर धूर निघे. स्कूटर सुरू होईना, तर तिला एका अंगावर कलती करावी, म्हणजे पेट्रोल कार्ब्युरेटरकडे उतरते, आणि मग किक मारावी, असा सार्वत्रिक रिवाज होता. सकाळी शाळेच्या वेळेस गल्लीत कोणी ना कोणी आपली स्कूटर अशी कलती करून उभा दिसेच.

दोष तिच्यात होते. इंजिन उजव्या बाजूस असल्यामुळे तोल उजवीकडे झुके. चाके लहान, त्यामुळे खड्ड्यांत हिसके बसत आणि ओल्या रस्त्यावर ती घसरे. परंतु पंक्चर झाले तर पाठीमागे जादा चाक, म्हणजे स्टेपनी, तयार असे. पुढचे व मागचे चाक सारखेच असल्यामुळे ती कोठेही चाले. आणि सर्वांत मोठा गुण म्हणजे तिच्यावर आख्खे कुटुंब मावे. वडील चालवीत, आई मागे पदर सावरून एका बाजूस बसे, धाकटा मुलगा पुढे उभा राहून वाऱ्याकडे तोंड करी, आणि थोरली मुलगी आईवडिलांच्या मधे. आजच्या नियमांत हे बसणार नाही आणि ते धोक्याचेच होते, पण त्या काळी मोटार घेण्याची ऐपत असलेली घरे विरळा. पायांजवळच्या मोकळ्या जागेत दळणाचा डबा, भाजीची पिशवी, गॅसचे सिलिंडर, इतकेच काय आजारी माणसाची वळकटीही राही. लुगडे नेसलेल्या स्त्रीला किंवा धोतर नेसलेल्या वृद्धाला तिच्यावर संकोचाशिवाय बसता येई. दास्कानिओने इटलीतील झगे डोळ्यांसमोर ठेवून जी मोकळी जागा सोडली, ती वर्ध्याच्या नऊवारीलाही पुरली.

मात्र स्कूटर हवी म्हटली की मिळत नसे. किती वाहने बनवावयाची हे त्या काळी सरकार परवान्याने ठरवीत असे. देशाजवळ परकीय चलन थोडे होते, पोलाद थोडे होते, त्यामुळे हे बंधन आले. पण ते फार काळ टिकले. लोक अनामत रक्कम भरून नाव नोंदवीत आणि वाट पाहत. ही प्रतीक्षा काही ठिकाणी दहा वर्षांपर्यंत लांबे. मूल जन्मले तेव्हा नोंदविलेली स्कूटर त्याच्या मराठी चौथीच्या सुमारास घरी यावी, असा हा प्रकार. परिणामी वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाई! याहून वाईट गोष्ट अशी की, लग्नाच्या बैठकीत वरपक्ष स्कूटर मागू लागला. कित्येक मुलींच्या बापांनी कर्ज काढून ती मागणी पुरविली. हा दोष यंत्राचा नव्हे, माणसांचा. तरी चेतकच्या कथेतून तो वगळता येत नाही.

1968 पासून कंपनीचा कारभार जमनालालजींचे नातू राहुल बजाज पाहू लागले होते. लोकांना हवी असलेली वस्तू ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक बनविल्याबद्दल तुरुंगात जावे लागले तरी आपली हरकत नाही, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. आजोबा देशासाठी तुरुंगात गेले होते, हे येथे सहजच आठवते.

गांधीजींना ही स्कूटर आवडली असती काय? ज्या वर्ध्यात 1938 साली त्यांच्या हस्ते ग्रामोद्योगांसाठी मगन संग्रहालय उघडले गेले, तेथील एका घराण्याने लाखो यंत्रे बनवावीत, हे अनेकांना विसंगत वाटते. पण गांधीजींचा विरोध यंत्रमात्राला नव्हता. शिवणयंत्राला ते अपवाद मानीत, कारण ते घरातील माणसाचे कष्ट हलके करते. इतकेच नव्हे, तर अधिक सूत काढणारा सुधारलेला चरखा बनविणाऱ्यास 1929 साली चरखा संघाने एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. देवळीच्या शिक्षकाला वर्ध्यास वेळेवर पोचविणारी स्कूटर कोणत्या बाजूस धरावयाची, यावर वर्गात दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

1989 साली दूरदर्शनवर ‘हमारा बजाज’ ही जाहिरात झळकली आणि देशभर मुलांच्या तोंडी बसली. परंतु वारे फिरू लागले होते. 1985 पासून चार धावांच्या हलक्या मोटारसायकली आल्या. त्या थोड्या पेट्रोलवर दूर जात, धूर कमी सोडीत आणि खेड्यांतील खडबडीत वाटांवर त्यांची मोठी चाके सरस ठरत. प्रदूषणाचे नियम कडक झाले. रांगा संपल्या, पूर्वी दहा वर्षे थांबणारा ग्राहक आता दहा मिनिटांत दुसऱ्या दुकानात जाऊ लागला. ज्या कंपनीने स्कूटरवर नाव मिळविले, तीच 2001 साली ‘पल्सर’ ही मोटारसायकल घेऊन पुढे गेली. 2009 साली बजाजने स्कूटर बनविणे सोडून देण्याचा निर्णय जाहीर केला. अनेक घरांत ही वार्ता जुना शेजारी गाव सोडून गेल्यासारखी ऐकली गेली.

दहा वर्षांनी, 2019 च्या ऑक्टोबरात, चेतक हे नाव पुन्हा ऐकू आले. या वेळी ते विजेवर चालणाऱ्या स्कूटरचे होते. 12 फेब्रुवारी 2022 रोजी राहुल बजाज निवर्तले. त्याच वर्षी 10 जून रोजी, त्यांच्या जन्मदिनी, आकुर्डीच्या जुन्या आवारातच विजेच्या चेतकचा कारखाना सुरू झाला. या चेतकला पेट्रोल लागत नाही, तेल लागत नाही, धूर नाही आणि गुणगुणही नाही. किकच नसल्यामुळे सकाळी तिला कलती करण्याचाही प्रश्न येत नाही. तिचे अंग मात्र पूर्वीसारखे पोलादी पत्र्याचेच आहे.