दोष नखांचा नव्हता

माझ्या डाव्या तर्जनीवर चार टाक्यांची खूण आहे. गेल्या जूनमधली. त्या आठवड्यात गादीवाफ्यावर आंब्याच्या तीनशे कोया उगवून आल्या होत्या, पालवी अजून तांबूस होती आणि कलमं बांधायला घरात माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. कोय कलम पालवी तांबूस असेपर्यंतच बांधायचं असतं.

चाकू नवा होता. मिटता, लाकडी मुठीचा, कलमाचाच. सासऱ्यांच्या जुन्या चाकूचं पातं धार लावून लावून झिजलं, म्हणून तालुक्याच्या बाजारातून हा आणला. दुकानातच उघडेना. पात्याच्या खाचेत नख घातलं तर नख वाकलं, पातं जागचं हललं नाही. दुकानदाराने तो माझ्या हातातून काढून घेतला, एका झटक्यात उघडून दाखवला आणि म्हणाला, "वहिनी, बायकांच्या नखात तेवढा जोर नसतो. खोबरेल लावा, वापरून वापरून होईल सैल." शेजारची दोन गिऱ्हाइकं हसली. मी पैसे दिले आणि निघाले. तेव्हाच बोलायला हवं होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठात मी कलमांचं प्रशिक्षण घेतलंय, दिवसदिवस चाकू चालवलाय. तिथे एकही चाकू माझ्या नखांना जड गेला नव्हता.

घरी येऊन खोबरेल लावलं. आठवडाभर नेटाने उघड-मीट केली. सैल होणं दूरच, सांध्यातली करकर वाढली. अंगठ्याचं नख मधोमध चिरलं. घरातही तेच ऐकलं, "त्याने सांगितलंय ना, होईल हळूहळू."

मग तो दिवस. पाऊस, ओले हात. मिटताना पातं अर्ध्यावर अडकलं. मी तळव्याने जोर दिला, ते सुटलं आणि पुढचं काम स्प्रिंगने केलं. बोट मुठीच्या फटीवर होतं. चार टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, दहा दिवस हात भिजवायचा नाही. तेवढ्यात पालवी हिरवी झाली, देठ जून झाले. निम्म्याहून जास्त रोपं कलमाविना राहिली. टाक्यांपेक्षा मला ते जास्त लागलं.

टाके निघाल्यावर एका संध्याकाळी शिलाई मशीनला तेल देत होते. मशीनमधून काळं तेल बाहेर येताना पाहिलं आणि उठून चाकू आणला. पात्याच्या धारेवर वायरवाल्यांची चिकटपट्टी दोनदा गुंडाळली, सांध्यात मशीनच्या तेलाचे तीन-चार थेंब सोडले, पंधरा-वीस वेळा उघडला-मिटला आणि पांढऱ्या फडक्याने पुसला. फडक्यावर काळा चिखल आला. बोटांत चोळला तर कचकच लागली. पात्याला चकाकी देताना पॉलिशची भुकटी आणि लोखंडाचा बारीक कीस सांध्यात शिरतो, आणि माझ्या चाकूतून तो कुणी काढलाच नव्हता. त्यावर मी खोबरेल ओतून त्याची लापशी केली होती. फडकं हातात धरून मी किती वेळ बसले होते कोण जाणे. नख चिरलं ते या घाणीने, बोट कापलं ते या घाणीने, आणि नावं मात्र माझ्या हाताला ठेवली गेली.

पुन्हा तेल, पुन्हा उघड-मीट, पुन्हा पुसणं. तीन संध्याकाळी हेच केलं. तिसऱ्या दिवशी तेल स्वच्छ बाहेर आलं आणि पातं अंगठ्याच्या साध्या दाबाने उघडलं.

म्हणून सांगते, नवा चाकू आधी धुवून काढा, जोर नंतर लावा. मूठ प्लॅस्टिकची असेल तर कोमट साबणपाणी आणि जुना टूथब्रश चालेल, मग पूर्ण वाळवून तेल. मूठ लाकडी असेल तर पाण्यात बुडवू नका, लाकूड फुगतं आणि पातं आणखी आवळतं. तिथे तेलानेच मळ बाहेर काढायचा. खोबरेल नको, गोडंतेलही नको. ही तेलं जुनी झाली की चिकट होतात, आणि खोबरेल तर 24 अंशांच्या खाली थिजायला लागतं. आपल्याकडच्या डिसेंबरच्या पहाटे चाकू पुन्हा अडेल. फळं कापायचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन वापरा.

मिटताना मुठीच्या फटीवर एकही बोट ठेवायचं नाही. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायची आणि पात्याची पाठ दुसऱ्या तळव्याने ढकलायची. नख सोसत नसेल तर खाचेत नाण्याची कड घाला. दातांनी उघडू नका. सांध्याच्या खिळीवर हातोडी मारून सैल करू नका, पातं कायमचं डुगडुगतं. घाई करू नका, हे तर आहेच.

कलमवाल्यांना आणखी एक. तेल दिल्यावर पातं स्पिरिटने पुसल्याशिवाय फांदीला लावू नका. मी तेवढं विसरले आणि त्यानंतरची पहिली वीस कलमं धरली नाहीत. मी तरी त्या तेलालाच दोष देते. शिवाय आंब्याचा चीक सांध्यात गेला की चाकू पुन्हा अडतो, म्हणून रोज काम संपल्यावर पुसून, तेलाचा एक थेंब घालून, रात्रभर उघडा वाळत ठेवायचा.

ते काळं फडकं घेऊन मी दुकानात गेले होते. दुकानदाराने वरवर पाहिलं आणि म्हणाला, "सगळे चाकू असेच येतात, वहिनी." मी विचारलं, "मग विकताना ते का नाही सांगितलंत?" तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. माझ्या बोटाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

या वर्षी दुसरा चाकू घ्यायला दुसऱ्या दुकानात गेले. गल्ल्यापाशी उभं राहून चाकू दहा वेळा उघडला-मिटला. उघडल्यावर पातं डावी-उजवीकडे हलतं का ते पाहिलं, मिटल्यावर टोक मुठीत पूर्ण बुडतं का ते बोट न लावता उजेडात पाहिलं. त्याच्या पात्याच्या बुडाशी एकाच बाजूला घासल्याची चकचकीत रेघ होती, तो परत केला. तसा चाकू तेलाने सुधारत नाही, पातं आतल्या पत्र्याला घासत असतं. त्याच्या बदल्यात वेगळा घेतला, आणि घरी आल्यावर आधी फडकं काढलं.