द्विपदाचे घात

(अ + ब)² याचा विस्तार विचारला असतां पुष्कळ विद्यार्थी अ² + ब² असें लिहून मोकळे होतात. ही चूक किती महाग पडते, तें शेतावर जाऊन पाहूं.

पोलादपुराहून महाडाकडे वाहणाऱ्या सावित्रीच्या कांठीं १० हात बाजूचें एक चौरस खाचर आहे अशी कल्पना करा. त्याची प्रत्येक बाजू २ हातांनीं वाढविली. चुकीच्या रीतीनें क्षेत्रफळ १०० + ४ = १०४ चौरस हात येतें; वास्तविक तें १२ × १२ = १४४ आहे. मग ४० चौरस हात जमीन गेली कोठें? जुन्या खाचराच्या दोन बाजूंस लागून १० × २ अशा दोन पट्ट्या आहेत, त्याच आपण विसरलों! म्हणून (अ + ब)² = अ² + २अब + ब².

आतां घन घेऊं. (अ + ब)(अ + ब)(अ + ब) यांतील प्रत्येक कंसांतून एकच अक्षर उचलावयाचें. तिन्ही वेळां अ उचलण्याची रीत एकच. ब एकदांच यावयाचा तर तो पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या कंसांतून येईल. म्हणजे रीती तीन. ब दोनदां आल्यासही तीनच. यास्तव विस्तार अ³ + ३अ²ब + ३अब² + ब³ असा होतो. सहगुणक म्हणजे निवडीच्या रीतींची मोजदाद. ती समजली कीं घोकंपट्टी नको.

आपलें नगर सह्याद्रीच्या आश्रयास आहे असें सांगणाऱ्या भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’ ग्रंथांत (इ. स. ११५०) ही मोजदाद सहा रसांवर करून दाखविली आहे. ६ ला १ नें भागावें; उत्तरास ५ नें गुणून २ नें भागावें; पुढें ४ नें गुणून ३ नें भागावें; याप्रमाणें शेवटपर्यंत. एकेक रस घेतल्यास ६ प्रकार, दोन दोन घेतल्यास १५, मग २०, १५, ६ व १, एकूण ६३. आरंभीं एकही रस न घेण्याची १ रीत मांडली कीं (अ + ब)⁶ चे सातही सहगुणक सिद्ध झाले.

पालकांसही याचा उपयोग आहे. दरसाल दर शेंकडा १० रुपये चक्रवाढ व्याजानें १०० रुपये ३ वर्षांकरितां घेतले, तर देणें १०० × (१ + १/१०)³, म्हणजे १०० + ३० + ३ + ०.१० = १३३.१० रुपये होतें. ३० रुपये मुद्दलावरील व्याज. उरलेले ३ रुपये १० पैसे व्याजावरील व्याज. खाचराच्या हिशेबांत विसरलेल्या पट्ट्यांप्रमाणें ही रक्कमही सहज नजरेआड होते. अंगठा उठविण्यापूर्वीं मुलानें घरांत हा हिशेब मांडून दाखविला, तर शिकल्याचें सार्थक झालें.

अभ्यासार्थ : (अ + ब)⁴ चा विस्तार करा. सहगुणकांची बेरीज १६ आली पाहिजे. ती कां, याचाही विचार करा.