व्होल्टेज पडलं की गिझर किती अँपिअर घेतो?

प्रश्न : आमच्या गिझरवर २३० व्होल्ट, २००० वॅट असं लिहिलंय. संध्याकाळी गावात व्होल्टेज १८० वर येतं. तेव्हा तो जास्त अँपिअर खेचतो का?

उत्तर : नाही, कमी खेचतो. आधी पाटीवरच्या आकड्यांवरून रोध काढा. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात : २००० ÷ २३० = ८.७. मग व्होल्टला अँपिअरने भागा : २३० ÷ ८.७ = सुमारे २६.४ ओहम. कॉइलचा हा रोध जवळपास कायम राहतो, हिशेबाची खरी मेख इथेच आहे. पुष्कळ जण वॅट कायम धरतात आणि २००० ला १८० ने भागून ११ अँपिअर काढतात. ते चूक. बरोबर हिशेब असा : १८० ÷ २६.४ = ६.८ अँपिअर, आणि १८० × ६.८ = सुमारे १२२५ वॅट. व्होल्टेज २२ टक्के घटलं, वॅट मात्र ३९ टक्के गेले, कारण व्होल्टबरोबर अँपिअरही उतरले. १५ मिनिटांत तापणारं पाणी आता पंचवीसेक मिनिटं घेईल. युनिट साधारण तेवढेच पडतील.

विहिरीवरच्या सिंगल फेज मोटारीला मात्र हा हिशेब लावू नका. भार तोच असला की कमी व्होल्टेजला ती उलट जास्त अँपिअर ओढते आणि वाइंडिंग जळू शकतं. अशा वेळी गिझर खुशाल चालवा, मोटार बंद ठेवा.