डिजिटल टीव्ही घेताय? बॉक्सच्या किमतीआधी वर्षाचा हिशेब मांडा

केबलवाला असो वा डीटीएचवाला, पहिल्यांदा सांगतो ती बॉक्सची किंमत. ती एकदाच भरायची असते. रिचार्ज मात्र दर महिन्याला मागे लागतं. म्हणून तुलना करायची ती वर्षभराच्या खर्चाची.

सुरुवातीचा खर्च

सेटटॉप बॉक्स, डीटीएच असेल तर छत्री (डिश), वायर आणि बसवण्याची मजुरी हे यात येतं. २०१७च्या नियमांनुसार जोडणीसाठी ३५० आणि सेवा सुरू करण्यासाठी १०० रुपयांची कमाल मर्यादा होती. जुलै २०२४मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ती उठवली. आता कंपनी दर ठरवते, पण ते जाहीर करणं तिला बंधनकारक आहे. बॉक्स विकत मिळतोय की डिपॉझिटवर, हे विचारून पावतीवर लिहून घ्या.

महाराष्ट्रात छत्रीचं तोंड आग्नेयेकडे ठेवावं लागतं. त्या बाजूला तुमची खिडकी किंवा बाल्कनी नसेल, तर छत्री गच्चीवर जाते. मग जादा वायरचे पैसे आणि सोसायटीची परवानगी, दोन्ही आधीच पाहा.

महिन्याचा खर्च

बिलात दोन भाग असतात: नेटवर्क शुल्क (एनसीएफ) आणि सशुल्क चॅनलचे पैसे. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. पूर्वी २०० चॅनलसाठी एनसीएफ १३० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नसे. २०२४मध्ये हीही मर्यादा गेली.

उदाहरणादाखल एनसीएफ १३० आणि चॅनलचे १५० रुपये धरू:

- बेरीज: २८० रुपये
- जीएसटी: ५०.४०
- महिन्याला: ३३०.४०
- वर्षाला: सुमारे ३,९६५ रुपये

कात्री लावायची ती पॅकला. घरात खरोखर पाहिले जाणारे चॅनल लिहून काढा, ते सुटे घेतले तर किती पडतात ते पाहा आणि मगच पॅकशी ताडून बघा. एकाच चॅनलचं एसडी आणि एचडी, दोन्हींचे पैसे जात नाहीत ना, हेही तपासा. दुसऱ्या टीव्हीला वेगळा बॉक्स लागतो. त्याच्या रिचार्जवर सवलत किती, ते आधी ठरवून घ्या.

रिचार्ज नकोच असेल तर

प्रसार भारतीच्या ‘डीडी फ्री डिश’ला मासिक शुल्क नाही. छत्री-बॉक्सचा साधारण २,००० रुपयांचा खर्च एकदाच करायचा. सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्या आणि काही खासगी चॅनल दिसतात. खासगी वाहिन्या लिलावात जागा घेतात, त्यामुळे यादी बदलत राहते. ठरावीक मराठी मालिका चुकवायच्या नसतील, तर ते चॅनल सध्या यादीत आहे का, हे पाहूनच छत्री घ्या.

पैसे भरण्यापूर्वी

वर्षाच्या रिचार्जवर सूट मिळते म्हणून पहिल्याच दिवशी सगळी रक्कम भरू नका. मुसळधार पावसात डीटीएचचा सिग्नल जातो, केबलची सेवा गल्लीगणिक वेगळी असते. आधी महिन्याचं रिचार्ज करा. सेवा पटली, तरच वर्षाचं.