फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर हळू झाला की दुकानातून पहिलं उत्तर येतं, "फॉरमॅट मारून देतो." डीटीपीचं काम करणाऱ्यांनी त्यावर लगेच मान डोलावू नये. हे मी सोसून सांगतो आहे.

आमच्या धंद्यात जुनी मशीनं हौसेनं ठेवलेली नसतात. लग्नपत्रिका, स्मरणिका, अहवाल यांची पानं अजून कितीतरी ठिकाणी पेजमेकरमध्येच लागतात. त्याची सातवी आवृत्ती 2001 साली आली आणि तीच शेवटची ठरली. सोबतीला श्रीलिपीचे जुने फॉन्ट. हे युनिकोडच्या आधीचे. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी मराठी अक्षरं बसवलेली. फॉन्ट मशीनमध्ये असला तर मराठी दिसतं, नसला तर तीच फाइल निरर्थक चिन्हांनी भरून जाते.

माझं मशीन कोर आय-थ्रीचं. 4 जीबी रॅम, 500 जीबी हार्ड डिस्क, विंडोज 10. एका शाळेच्या स्मरणिकेचं काम अंगावर असतानाच ते रखडायला लागलं. सकाळी बटण दाबावं आणि चहा पिऊन यावं, तरी आयकॉन उमटलेले नसत. दुकानात देताना फाइली आणि फॉन्ट दोन्ही जपायला बजावलं होतं. त्यांनी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह सांभाळला, सी ड्राइव्ह सरसकट पुसला. फॉन्ट तिथेच होते. मशीन परत आल्यावर स्मरणिका उघडली, तर मुख्याध्यापकांच्या मनोगताच्या जागी डोक्यावर टिंबं आणि टोप्या असलेली रोमन अक्षरं! जुन्या सीडीवरून बरेच फॉन्ट परत घातले, पण मागाहून घेतलेले त्या सीडीत नव्हते. दुसरे लावले की ओळी सरकतात, ओळी सरकल्या की पानं. सगळी स्मरणिका पुन्हा लावावी लागली, प्रुफं पुन्हा वाचावी लागली.

एवढं होऊन मशीन थोडेच दिवस बरं चाललं आणि मूळ पदावर आलं. कारण दुखणं विंडोजचं नव्हतंच, हार्ड डिस्कचं होतं.

म्हणून आधी दुखणं कुठे आहे ते बघा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. मशीन रखडलेलं असताना सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांच्या टक्केवारीवर नजर ठेवा. माझ्याकडे सीपीयू निवांत होता आणि डिस्क 100 टक्क्यांवर ठाण मांडून बसली होती. साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते. हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत दर वेळी काही मिलीसेकंद जातात. विंडोज 10 सुरू होताना हजारो बारीक फाइली वाचतं, तिथेच सगळा वेळ जातो. त्यात डिस्क खराब होत चालली असेल तर तोच भाग ती पुन्हा पुन्हा वाचत राहते. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. तिथे पिवळा किंवा लाल इशारा दिसला, किंवा डिस्कमधून टकटक ऐकू आली, तर डीफ्रॅग नको, "स्पीड वाढवणारी" सॉफ्टवेअरं तर मुळीच नकोत. मरणाऱ्या डिस्कवर प्रत्येक जादा फेरी जोखमीची असते. आधी डेटा बाहेर काढा.

उपाय एसएसडी. त्यात फिरणारा भागच नसतो आणि जुन्या मदरबोर्डच्या साटा जोडणीवरही ती चालते. फॉरमॅट न मारता जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवायला सांगा. याला क्लोन करणं म्हणतात. क्लोनझिला त्यासाठी मोफत मिळतं. फॉन्ट, पेजमेकर, सेटिंग, सगळं जागच्या जागी राहतं. एक मेख मात्र आहे. 500 जीबीच्या डिस्कसाठी लोक 480 जीबीची एसएसडी आणतात आणि क्लोन अडतो, कारण नवी डिस्क लहान पडते. एक तर 500 जीबीची घ्या किंवा आधी जुन्या डिस्कवरचं पार्टिशन लहान करून घ्या. काम झालं तरी जुनी डिस्क विकू नका, निदान वर्षभर कपाटात असू द्या.

रॅम वाढवायची ती मेमरीचा आकडा सतत 80-90 टक्क्यांवर असेल तरच. त्याआधी विंडोज 64 बिट आहे ना, ते पाहा. 32 बिट असेल तर 4 जीबीवरची रॅम वाया जाते. डीडीआर-3 च्या खाचेत डीडीआर-4 ची पट्टी बसत नाही, तेव्हा जुनी पट्टी दुकानात सोबत न्या. धूळ साफ करावीच, फुंकणी मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. तारीख आपोआप मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदला.

विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आहे आणि इतक्या जुन्या मशीनला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही. अशा मशीनवर पानंच लावा. बँकेचे व्यवहार आणि मेल दुसरीकडे करा.

आणि आज दुकान बंद करण्याआधी एवढं करा: सी ड्राइव्हवरचा फॉन्ट्स फोल्डर आणि फॉन्टची मूळ सीडी, दोन्ही एका पेन ड्राइव्हवर कॉपी करून तो घरी ठेवा.