एका वेलीला एकच भोपळा

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, यंदा मागच्या अंगणात मीही तो मोठा भोपळा लावते," तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. घाईघाईत फोनवर सांगण्यासारखं हे नाही, म्हणून लिहायलाच बसले.

आधी बी. देशी दुकानातून आणलेल्या, घारग्यांच्या लाल भोपळ्याचं बी लावून तू कितीही खत घातलंस तरी तो टोपलीत मावेल एवढाच होणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आपल्याला हवं ते वाण 'अटलांटिक जायंट'. कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या विंडसरच्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं मोठ्यातलं मोठं फळ निवडत ते तयार केलं. 1979 ते 1982 अशी सलग चार वर्षं जगातला सगळ्यात मोठा भोपळा त्याचा होता. 1981 चा त्याचा भोपळा सुमारे 224 किलोंचा होता आणि तेव्हा तो विक्रम होता. पुढे 2012 मध्ये आमच्या मॅसॅच्युसेट्समधल्या टॉप्सफील्डच्या जत्रेत रॉन वॉलेसचा भोपळा 911 किलो भरला. 2000 पौंडांपलीकडे गेलेला तो पहिला. आणि 2025 मध्ये इंग्लंडच्या पेटन जुळ्या भावांनी 1278 किलोंच्या वर मजल मारली. वंश मात्र तोच, डिलचा. म्हणून इथे बियाच्या पाकिटावर फळाचं वजन, लावणाऱ्याचं आडनाव आणि साल लिहिलेलं असतं. बैल घेताना आपल्याकडे त्याची अवलाद विचारतात, तशी इथे भोपळ्याची आई कोण, बाप कोण, हे विचारतात. तूही विचार, लाजू नकोस.

जागेत कंजूषपणा करू नकोस. एका वेलीला किमान पाचशे चौरस फूट लागतात. एवढी जागा नसेल तर दोन वेलींचा मोह सोड आणि एकच लाव. वेल पसरली की तिच्या पेरापेरावर माती ओढायची. तिथे नवी मुळं फुटतात आणि ती सगळी एकाच फळासाठी राबतात.

आता माझ्या आवडीचा भाग. जूनच्या शेवटी, जुलैच्या सुरुवातीला मादी फुलं येतात. पाकळ्यांखाली लिंबाएवढा पिवळा गोळा दिसला की ते मादी फूल. उद्या उमलणार असं वाटलं की आदल्या संध्याकाळी त्याचं तोंड दोऱ्यानं हलकेच बांधून ठेव, नाहीतर मधमाश्या कुठलाही पराग आणून टाकतील आणि बापाचं नाव हरवेल. पहाटे दव असतानाच मी जाते. नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या सोलायच्या, आत हळदीच्या बोटासारखा परागाचा दांडा उरतो. दोरा सोडायचा, तो दांडा मादी फुलाच्या आत सगळीकडे अलगद फिरवायचा आणि फूल परत बांधायचं. दुसऱ्या कुणावर हे काम मी कधी सोपवलं नाही.

आणि मग खुडायचं. हे तुला जड जाणार, मला माहीत आहे. तू रोपाचं पिवळं पानसुद्धा तोडत नाहीस. पण तीन-चार फळं धरली तरी शेवटी ठेवायचं एकच. मुख्य वेलीवर, मुळापासून दहा-बारा फुटांवर असलेलं, झपाट्यानं फुगणारं. बाकीची काढून टाक, कितीही गोजिरी असली तरी. पहिल्या वर्षी मी दोन ठेवली होती. दोन्ही मध्यम झाली आणि कुठल्याच वजनकाट्यावर नेण्याजोगी उरली नाहीत.

ऑगस्टमध्ये भोपळा दिवसाला पंधरा-वीस किलोंनी वाढू शकतो. पहिल्या वर्षी मोठ्या भोपळ्याकडून एवढी अपेक्षा ठेवू नकोस, पण रोज टेप लाव आणि वहीत लिही. त्याच्यावर पांढरी चादर बांध, म्हणजे उन्हानं साल लवकर कडक होणार नाही. खाली वाळू पसर. आणि पाणी रोज सारखंच दे, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती. दुसऱ्या वर्षी आठ दिवस बाहेरगावी होते, परतल्यावर वेल मलूल दिसली म्हणून मी रात्रभर पाणी सोडून ठेवलं, त्यात पहाटे पाऊस. सकाळी देठाजवळ बोट शिरेल एवढी चीर. बोट आत घातलं तर गर गार आणि ओला लागला. आरपार तडकलेला भोपळा स्पर्धेत धरत नाहीत. मी त्याच्याशेजारी मातीत बसून रडले, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

भरीत, घारगे करायचा विचार मनात आणू नकोस. हा भोपळा पाणचट असतो. पण विंडसरला 1999 पासून बरीच वर्षं असे भोपळे कोरून त्यात माणसं बसत आणि तळ्यात वल्ही मारत शर्यत लावत. लेकीकडून भोपळ्यात बसून परतणाऱ्या त्या म्हातारीची गोष्ट आजीनं तुला किती वेळा सांगितली! एकदा आपण दोघी मिळून तशी एखादी शर्यत बघायला जाऊ.

माझ्याकडे गेल्या शरदातलं चार दाणे बी राखून ठेवलं आहे, त्यातले दोन तुझे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्या कडा कानसीनं हलक्या घासून ते कोमट पाण्यात भिजवायचे आहेत. तोवर तू अंगणातली माती तपासून घे आणि कुजलेलं शेणखत आणून टाक.