बातुरवर चढण्याआधी

पोरी,

तुम्ही दोघं बालीला निघालात आणि बातुरवर सूर्योदय बघायला चढणार आहात, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. समुद्र, देवळं, बाजार हे सगळं होतंच, पण एक तरी पहाट जागत्या ज्वालामुखीच्या माथ्यावर काढावी, असं मला मनापासून वाटतं. तू माझ्याबरोबर सह्याद्रीत हिंडली आहेस, जावईबापूंना सवय कमी. म्हणून दोघांच्या उपयोगाचं सांगतो. विमानात बसल्यावर एकदा त्यांनाही वाचून दाखव.

पहिली गोष्ट, उंचीच्या आकड्यावर जाऊ नकोस. बातुर १७१७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून ७१ मीटरच जास्त. त्यात पायथ्याचं तळंच हजार मीटरच्या वर असल्याने प्रत्यक्ष चढ साडेसहाशे-सातशे मीटरचा उरतो. साधारण दोन तासांत माणूस वर पोचतो. पण कळसूबाईचा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा आहे, ऊन-पाऊस खाऊन घट्ट बसलेला. बातुर १९६३ साली लाव्हा ओकत होता आणि त्याचा शेवटचा उद्रेक २००० सालचा. तिथला दगड अजून बसायचाच आहे. वरच्या टप्प्यात सगळा काळा घसारा लागतो. खडे सच्छिद्र, हलके, कडा धारदार. पाऊल टाकलं की निम्मं मागे येतं. सह्याद्रीत तयार झालेल्या पायांना कातळावर विसंबायची सवय असते, ती तिथे सोडून द्यावी लागते. म्हणून हळू चालायचं. चढतानाही आणि उतरताना तर त्याहून हळू. माझं मुख्य सांगणं एवढंच आहे, बाकीचं सगळं त्याच्याच सोयीसाठी.

दिवस नीट निवड. एप्रिल ते ऑक्टोबर हा तिकडचा कोरडा काळ, त्यात आकाश मोकळं मिळण्याची शक्यता जास्त. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर पाऊस सुरू झालेला असू शकतो, आणि ओल्या घसाऱ्यावर अंधारात चढण्यात शहाणपण नाही. मार्चमध्ये जाणार असलात तर 'न्येपी' कधी आहे ते आधी बघ. तो त्यांचा शक संवत्सराचा पहिला दिवस. शक आपलाच, शालिवाहन. कधी तो आपल्या पाडव्याला लागून येतो, कधी महिनाभर आधी. त्या दिवशी अख्खं बेट चोवीस तास बंद असतं, विमानतळसुद्धा. कुणी घराबाहेर पडत नाही, त्यामुळे चढाईचा प्रश्नच येत नाही.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी लगेच चढाई ठेवू नकोस. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. रात्री दोनला गाडी दाराशी येते तेव्हा तुमच्या शरीराच्या हिशोबाने साडेअकराच वाजलेले असतात, म्हणजे झोप मुळात झालेलीच नसते. दोन-तीन दिवस जाऊ दे. आणि कुटा-सेमिन्याककडे उतरला असाल तर आदल्या रात्री मुक्काम उबुदला किंवा थेट किंतामणीला हलवा. दक्षिणेकडून पायथ्यापर्यंत गाडीतच दोन तास मोडतात, तेवढी झोप हातची जाते. संध्याकाळी हलकं जेवा, तिखट-तेलकट टाळा, नऊच्या आत आडवे व्हा. झोप लागली नाही तरी पडून राहा.

आता कपडे. बाली म्हटलं की लोक पातळ सुती कपडे भरतात. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं, त्यामुळे किनाऱ्यावर पहाटे चोवीस अंश असलं तर माथ्यावर तेरा-चौदा होतं, आणि वर वारा. खरी थंडी वाजते ती घामाने. चढताना अंग भिजतं, माथ्यावर बसलं की दहा मिनिटांत दातावर दात आपटायला लागतात. म्हणून चढताना एकच पातळ, लवकर वाळणारा टी-शर्ट घाला, सुती नको. सॅकमध्ये दुसरा कोरडा टी-शर्ट, लोकरीचं किंवा फ्लीसचं काहीतरी, वाऱ्याला अडवणारं जॅकेट आणि कानटोपी. वर पोचल्यावर फोटो काढायच्या आधी ओला शर्ट बदला. लाजू नका, सगळेच बदलतात.

बूट जुने, पायाला ओळखीचे आणि खाच शाबूत असलेले. नवे बूट तिथे वापरायला काढू नका. पायाची नखं दोन दिवस आधी कापून ठेवा, नाहीतर उतरताना अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. हातमोजे बागकामाचे साधे चालतील, पण हवेतच. तोल गेला की हात आपोआप जमिनीवर जातो आणि ते खडे तळहात सोलतात. कोरड्या दिवसांत धूळ भयंकर उडते, पुढच्याच्या पायाची मागच्याच्या नाकात जाते. नाका-तोंडाला बांधायला रुमाल ठेवा. विजेरी डोक्याला बांधायची घ्या, म्हणजे हात मोकळे राहतात. सेल नवे घाला. माणसाशी बोलताना तिचा झोत खाली करायचा, समोरच्याच्या डोळ्यांवर मारायचा नाही. अंधाराला सरावलेले डोळे एका झोताने पुन्हा आंधळे होतात. पाणी माणशी दीड लिटर. खायला शेंगदाणे-गूळ, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. वाटाड्या वर न्याहारी देतो, पण पोट त्याच्या आधीच मागायला लागतं.

वाटाड्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच पुष्कळ लोक चुकतात. बातुरवर स्थानिक वाटाड्याशिवाय जाता येत नाही, तशी तिथली पद्धत आहे. काहीजण त्याला भुर्दंड समजतात, नेटवर वाट बघून एकटे निघायच्या गोष्टी करतात. तू तसं करू नकोस. ही माणसं तळ्याकाठच्या गावांतली. १९२६ साली याच डोंगराच्या लाव्हाने जुनं बातुर गाव गिळलं. लोकांनी देव उचलले आणि वर ज्वालामुखीच्या कड्यावर नवं देऊळ बांधलं, तेच आजचं पुरा उलुन दानु बातुर. तळ्याची देवता म्हणजे देवी दानु. खालच्या भातशेतीला पाणी तिच्या कृपेने मिळतं, अशी श्रद्धा आहे, आणि पाणी वाटून घेण्याची त्यांची 'सुबाक' पद्धत २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी या डोंगरापायी घर सोडलं, त्यांना त्याची नाडी कळते.

ठरवतानाच विचार, एका वाटाड्यामागे किती माणसं? चारच्या वर असतील तर दुसरं बघ. दहाजणांच्या घोळक्यात सगळे सर्वांत वेगवानाच्या मागे फरफटतात. भेटल्यावर त्याचं नाव विचार, तुमचं सांग. जावईबापूंच्या गुडघ्याचं, तुझ्या दम्याचं आधीच सांगून ठेव, वर गेल्यावर नको. इन्हेलर सॅकमध्ये नको, खिशात. निघण्यापूर्वी तो पायथ्याशी केळीच्या किंवा नारळीच्या पानाचा छोटा द्रोण ठेवेल: चार फुलं, थोडा भात, एक उदबत्ती. त्याचं होईपर्यंत शांत उभे राहा. असे द्रोण वाटेवरही दिसतील. ते ओलांडायचे नाहीत, बाजूने जायचं. उतरल्यावर त्याला वेगळे पैसे द्या, हातात द्या, आणि 'सुकस्मा' म्हणा.

चढाई पहाटे चारच्या सुमाराला सुरू होते. सुरुवातीची वाट सपाट, कांदा-टोमॅटो-कोबीच्या वावरांमधून जाणारी. इथेच सगळे दमतात, कारण वाट सोपी म्हणून पळतात. मोटारसायकलवाले बाजूने येत राहतील, अर्ध्या वाटेपर्यंत सोडतो म्हणतील. नको म्हणा आणि चालत राहा. तेवढ्या चालण्यानेच अंग तापतं आणि पुढचा चढ झेपतो. वेग कसा ओळखायचा? चालता चालता दोघांना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलताना धाप लागली की वेग जास्त. थांबायचं ते उभ्यानेच, दोन मिनिटं. बसलात की पाय जड होतात. वाटाडे सारखं 'पेलान-पेलान' म्हणत राहतात, सावकाश, सावकाश. ते ऐका.

एका टप्प्यावर विवराच्या काठाशी पोचता. तिथे बाकं आहेत, चहा मिळतो, बरेच जण तिथेच सूर्योदय बघतात. त्याच्या वरचा माथ्याचा शेवटचा तुकडा सगळ्यात निसरडा. दम असेल तर जरूर जा, पण दोघांपैकी एकालाही नको वाटलं तर खाली बसा. पूर्व तिथूनही तेवढीच मोकळी आहे.

उजाडायला लागलं की खाली तळं, पलीकडे अबांगचा डोंगर, त्याच्या मागे तीन हजार मीटरचा अगुंग, आणि हवा स्वच्छ असेल तर समुद्रापार लोंबोकचा रिंजानी. सूर्य वर्षभरात पावणेसहा ते पावणेसातच्या दरम्यान कधीतरी उगवतो, त्या तारखेची वेळ वाटाड्याला विचारून ठेव. ढग असले तर काही दिसणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, थोडा वेळ थांबा, वारा पंधरा मिनिटांत पडदा उघडतो असं पुष्कळदा होतं. तोवर वाफेची भोकं बघा. वाटाड्या खडकातल्या भेगेत अंडी ठेवतो, वर गवताचा किंवा पानांचा झाकणासारखा थर देतो आणि गप्पा मारत बसतो. काही वेळाने ती उकडलेली निघतात, केळीही तशीच शिजवतात. हात तिथे घालू नकोस, वाफ दिसते त्याहून फार गरम असते. वास उग्र वाटला तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला सरक.

माथ्यावर माकडं असतात, खाणं दिसलं की अंगावर येतात. पिशवी बंद ठेव, हातात खाऊ धरून फोटो काढू नकोस. बालीत २००८ पासून रेबीज आहे. माकड किंवा कुत्रं चावलं, ओरखडलं तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची, मुंबईला परत येण्याची वाट बघायची नाही.

आता उतरण. सूर्य वर आला, फोटो झाले, पोटात न्याहारी गेली की माणूस सैल पडतो. लोक घसरतात ते इथे. निघण्यापूर्वी बुटांच्या नाड्या घोट्याशी पुन्हा घट्ट आवळा. गुडघे जरासे वाकलेले ठेवा, पावलं आखूड टाका, टाच घसाऱ्यात रोवा आणि वजन तिच्यावर येऊ द्या. पाय फाकून, रुंद ठेवून उतरायचं. भीतीने मागे रेलू नका, मागे रेललं की पाय पुढे निसटतात आणि माणूस पाठीवर पडतो. काठी असेल तर पुढे टेकवत उतरा, गुडघ्यांचा भार हलका होतो. दोघांत चार-पाच पावलांचं अंतर ठेवा, एकाने सोडवलेला दगड दुसऱ्याच्या घोट्यावर जाऊ नये. दगड सुटलाच तर मोठ्याने ओरडा, मराठीत ओरडलात तरी खालच्याला कळतं. वाटाडे चपला घालून त्या उतारावरून धावत जातात, त्यांचं बघून पळू नका. त्यांचं आयुष्य त्या उतारावर गेलंय. आणि पाण्याचा शेवटचा घोट उतरणीसाठी राखून ठेवा, ऊन तोवर चढलेलं असतं. खाली आल्यावर तळ्याकाठी गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे तासभर पाय सोडून बसा.

आई-बाबा बरोबर येणार असतील तर त्यांना या चढावर ओढू नकोस. त्यांच्यासाठी काळ्या लाव्हावरून नेणाऱ्या जीपगाड्या आहेत, किंवा पेनेलोकानच्या कड्यावर पहाटे गाडीने जाऊन समोर डोंगर-तळं दोन्ही बघता येतं. तुम्ही चढा, ते तिथून बघतील, आणि नऊला एकत्र न्याहारी करा.

शेवटचं, आणि यात सूट नाही. इंडोनेशियात ज्वालामुखीच्या धोक्याच्या चार पातळ्या सरकार जाहीर करतं: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. 'मॅग्मा इंडोनेशिया' या सरकारी ॲपवर त्या दिसतात. आदल्या दिवशी आणि निघताना पुन्हा बघ. ३ डिसेंबर २०२३ ला सुमात्रातला मरापी अचानक उसळला आणि २४ गिर्यारोहक गेले. तो तेव्हा दुसऱ्या पातळीवर होता, आणि विवरापासून ३ किलोमीटरच्या आत जाऊ नका अशी सूचना होती. म्हणून पहिल्या पातळीच्या वर काहीही असेल तर बेत रद्द करा, कुणी कितीही 'काही होत नाही' म्हणालं तरी. पातळी पहिलीच असूनही तुमचा वाटाड्या आकाशाकडे बघून आज नको म्हणाला, तरी आज नको. पैसे परत मिळाले नाहीत तर मला सांग, मी देईन.